खालचे चार शब्द झाकून

॥ श्री ॥
बडोदे, दांडिया बाजार
ता. ९ जानेवारी १९१३

ती. दादास अहल्येचा कृतानेक सा. न. वि. वि.

येथील सर्व ठीक असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं असं समज. आधी तुझ्या पायाची खबर दे. वहिनीच्या पत्रात होतं की गाडीतून पडल्याला महिना झाला तरी हाडवैद्यानं पट्ट्या सोडलेल्या नाहीत आणि तू अंथरुणावरून अख्ख्या घराला धारेवर धरतोस. बिचारी निरुपमावहिनी! शाळेत तुझा राग चाळीस मुलांत वाटला जायचा, आता सगळा तिच्या एकटीच्या वाट्याला. अमरेली दोन दिवसांच्या वाटेवर आहे म्हणून, नाहीतर मीच येऊन तुझे कान उपटले असते.

यांचा खोकला दिवाळीपासून हटत नाही. कचेरीतून रजा घेतली आहे. वाकून वाकून नकला लिहिल्यानं छाती धरली आहे, पडून राहिलं की सुटेल असं म्हणतात. अडुळसा, मध, सगळं चालू आहे. उषा चार वर्षांची झाली पण बापाच्या उशाशी बसून त्याचा खोकला हुबेहूब काढून दाखवते. मी तिला रागावले तर हेच तिची बाजू घेतात.

आता खरं काम सांगते. बायकांच्या ट्रेनिंगची प्रवेशपरीक्षा १० मार्चला आहे आणि यांनी मला त्या परीक्षेला बसवायचं ठरवलं आहे. मी नको म्हणत होते. यांनी अर्ज आणला, आपल्या त्या मोत्यासारख्या अक्षरात पहिल्यापासून शेवटपर्यंत भरला, आणि मला खाली फक्त माझं नाव लिहायला लावलं. पास झाले तर राहायला खोली, शिकताना वेतन, आणि दोन वर्षांनी मुलींच्या शाळेत जागा. उषेला जवळ ठेवता येतं. वाईहून सदानंदकाकांचं पत्र आलंच. हे आईवडिलांविना वाढले ते या काकांच्या घरी, त्यामुळे त्यांचा शब्द मोठा. घरातली सून नोकरी करायला लागली म्हणजे घर बुडालं, असं लिहिलं आहे. यांनी पत्र वाचलं आणि घडी करून ठेवून दिलं.

गणिताची मला भीती नाही, तुझ्या छड्या अजून आठवतात. पण मराठीच्या पेपरात निम्मे गुण गाळलेल्या जागांना आहेत. वाक्य देतात, त्यातला एक शब्द गाळलेला, आणि खाली चार शब्द. त्यातला एक घ्यायचा. मला चारही बरोबरच वाटतात! जुने प्रश्न सोडवून पाहिले तर वीसपैकी सात आले. हे मोठ्यानं हसले आणि मग पाव तास खोकत होते. आता तूच शिकव बाबा. पडल्या पडल्या तुलाही उद्योग होईल आणि वहिनी सुटेल.

धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस, हे मागणं.

तुझी,
अहल्या


॥ श्री ॥
अमरेली
ता. १६ जानेवारी १९१३

चि. सौ. अहल्येस लक्ष्मीकांतचे अनेक आशीर्वाद.

वीसपैकी सात! अगं, डोळे मिटून बोट ठेवलं असतंस तरी पाच आले असते. म्हणजे तुझ्या अकलेचे दोनच. पद्माकरराव हसले ते योग्यच केलं.

तुझी चूक मला इथून दिसते. तू वाक्य वाचतेस आणि लगेच खाली चार शब्दांकडे धावतेस. मग तो म्हणतो मला घे, हा म्हणतो मला घे, आणि तू गोंधळतेस. असं करायचं नाही. खालचे चार शब्द तळहातानं झाकायचे. वाक्य दोनदा वाचायचं. तिथं घरात, चुलीपाशी बोलताना तू कोणता शब्द घातला असतास तो मनात घालायचा. साधा, गावठी, कसलाही चालेल. मग हात काढायचा आणि त्या शब्दाचा भाऊबंद खाली कोण बसलाय ते शोधायचं.

दुसरं. प्रत्येक वाक्याला बिजागरी असते. तरी, परंतु, म्हणून, इतका की. दार कुठल्या बाजूला उघडतं ते बिजागरी सांगते. हे बघ: गुरुजी वृद्ध झाले, तरी त्यांची जिज्ञासा ........ झाली नाही. तीव्र, मंद, जागृत, विशाल. तू नक्की तीव्र घेणार, कारण जिज्ञासेशेजारी तो शोभतो. पण 'तरी' काय म्हणतंय ते ऐक. वय झालं की जे व्हायचं ते झालं नाही. म्हणून मंद.

तिसरं. चारांतले दोन एकाच अर्थाचे असले तर दोघांनाही काढून टाक. उत्तर एकच असतं, मग दोघं जुळे बरोबर कसे असतील? आणि शब्द ओळखीचा नसेल तर त्याला मधोमध फोड. दुर्भेद्य बघून घाबरू नकोस. दुर् म्हणजे कठीण, भेद तुला येतोच.

सोबत दहा वाक्यं पाठवतो. तिसरं असं आहे: बाळंभट बोलण्यात ........, परंतु अडीअडचणीला पहिला धावणारा. मधाळ, फटकळ, उदार, दयाळू. हे कोणावरून सुचलं ते तुझ्या वहिनीनं लगेच ओळखलं. तू ओळखलंस तरी लिहू नकोस.

खोकल्याचं मात्र मला आवडलं नाही. अडुळशावर भागवू नका. दवाखान्यातल्या डॉक्टरला घरी बोलाव, आणि हे मी सांगितलंय म्हणून सांग. पाय तसाच आहे. हाडवैद्य म्हणतो बसलं, मी म्हणतो नाही बसलं, आणि दुखतं मला.

पद्माकररावांस नमस्कार, उषेस गोड पापा. पत्रास आळस करू नकोस.

लक्ष्मीकांत


॥ श्री ॥
बडोदे
ता. २८ जानेवारी १९१३

ती. दादास कृतानेक सा. न. वि. वि.

दादा, जादू झाली! परवाच्या वीसांत पंधरा आले.

आमची शाळा कशी भरते ऐक. दुपारची झाकपाक झाली की मी यांच्या अंथरुणाशी बसते. खालचे चार शब्द माझ्या हातानं झाकायचे असतात, पण मी बोटांच्या फटीतून बघते, असा यांचा आरोप. म्हणून आता कागद यांच्या हातात असतो आणि शब्दांवर यांचा पंजा. मी वाक्य म्हणायचं, माझा शब्द सांगायचा, तो यांना पटला तरच पंजा उठणार. परवा मी म्हटलं, किल्ला लई टणक होता म्हणून शत्रू सहा महिने तळ ठोकून बसला. हे म्हणाले, 'लई टणक' परीक्षकाला फार आवडेल. पंजा उठला तर खाली दुर्भेद्य बसला होता. उषेला हा खेळ वाटतो. तिनं काल जेवताना वरणाची वाटी हातानं झाकली आणि मला विचारलं आत काय आहे सांग.

बाळंभट कोण ते आम्हां दोघांनाही कळलं. आणि 'उदार' 'दयाळू' दोघं जुळे म्हणून बाहेर, हेही कळलं.

सातवं वाक्य मी केलं नाही. रोगी दिवसेंदिवस ........ होत गेला, म्हणून वैद्य रोज येऊ लागले. तुला ते सहज सुचलं असणार, माझा तुझ्यावर राग नाही. मी म्हटलं, हे राहू दे, पुढचं घेऊ. तर यांनी माझ्या हातातला टाक घेतला आणि त्या जागी 'क्षीण' असं सुरेख लिहिलं, वर म्हणाले की एवढं सोपं वाक्य सोडायचं नसतं. मी उठून आत गेले.

डॉक्टर आले होते. बराच वेळ छातीला नळी लावून बसले. मला गरम पाणी आणायला सांगितलं, आणि पाणी घेऊन आले तर ते जायला निघाले होते. पाण्याला कोणी हात लावला नाही. हे म्हणाले, अशक्तपणा आहे, उन्हाळा लागला की भरून निघेल. शेजारच्या जमनाबेन रोज शेळीचं दूध आणून देतात, आणि चार दिवसमां सारु थई जशे, चार दिवसांत बरं होईल, म्हणतात. दादा, सगळे मला एकच गोष्ट सांगतात. मग मला भीती का वाटते?

वाक्यं पाठव. त्या तासाभरात हे हसतात. एरवी भिंतीकडे तोंड करून असतात.

तुझ्या आशीर्वादाची,
अहल्या


॥ श्री ॥
बडोदे
ता. ३० जानेवारी १९१३

रा. रा. लक्ष्मीकांतराव यांस पद्माकरचा सा. न. वि. वि.

हे पत्र जमनाबेनच्या हाती टपालात टाकत आहे. सौ.ला याची खबर नाही आणि आपणही ती लागू देऊ नये.

डॉक्टरांनी तिला पाण्यासाठी आत पाठवून मला साफ सांगितले. दोन्ही फुप्फुसे गेली आहेत. होळी पाहिली तर पुष्कळ. मीच त्यांना स्पष्ट बोलायला सांगितले होते, त्यामुळे त्यांच्याकडे दोष नाही.

परीक्षेचा आग्रह मी का धरला हे आता आपल्या ध्यानी आले असेल. सदानंदकाका माझे दैवत आहेत. पाटीवर माझा हात धरून त्यांनीच मला अक्षर शिकवले, आणि त्या अक्षरावर मी आजवर जगलो. परंतु माझ्या धाकट्या काकूचे त्याच घरात काय झाले ते मी आठव्या वर्षी पाहिले आहे. धाकटे काका वारल्यावर दहाव्या दिवशी केशवपनाला न्हावी आला. ती एकोणीस वर्षांची होती. ती ओरडत होती आणि आम्हा मुलांना माडीवर कोंडले होते. पुढे सोळा वर्षे ती त्या घरात रांधत होती. मी तिला कधी हसताना पाहिले नाही. सदानंदकाका दुष्ट नव्हते. त्यांना ते कर्तव्य वाटले, आणि माझ्या पश्चात पुन्हा वाटेल. मी गेलो की ते सौ.ला आणि उषेला न्यायला येतील.

ट्रेनिंगमध्ये केस राखलेल्या विधवा शिकतात, त्यांना कोणी हात लावत नाही. तेवढा उंबरा तिने ओलांडला पाहिजे. आपण पायाने अधू, माझे हे असे. तिला दुसरा आधार नाही. म्हणून विनंती की वाक्ये पाठवत राहावे, आणि जरा कठीण पाठवावीत. तिची नजर कागदावर असली की माझ्या तोंडाकडे जात नाही.

मला मरणाचे फारसे वाटत नाही, असे लिहिणार होतो, पण ते खोटे आहे. फार वाटते. उषा मला आठवणार नाही याचे सर्वांत अधिक वाटते.

आपला स्नेह आता त्या दोघींकडे वळवावा.

आपला,
पद्माकर


॥ श्री ॥
अमरेली
ता. ७ फेब्रुवारी १९१३

चि. सौ. अहल्येस अनेक आशीर्वाद.

वीसात पंधरा म्हणजे नाचायला लागलीस होय? बाकीचे पाच कोणी करायचे? मी आता तुला सोडणार नाही. सोबत चाळीस वाक्यं आहेत, रोज पाच. सातव्या वाक्याबद्दल माफ कर. गाढव आहे मी.

भीती का वाटते म्हणून विचारलंस. घरात आजारपण असलं की वाटते. डॉक्टर शिकलेला माणूस आहे, त्याचं ऐकावं. यापेक्षा जास्त मला इथं बसून काय सांगता येणार?

परीक्षेचं ऐक. पन्नास जागा आणि दोन तास. इथं शहाणी माणसं बुडतात ती न येणाऱ्या प्रश्नापायी नव्हे, त्याच्याशी झगडत बसण्यापायी. जिथं अडलं तिथं रेंगाळायचं नाही. जागा मोकळी सोड, पुढं चालू लाग, सगळं संपलं की शेवटी परत ये. तोवर डोकं शांत झालेलं असतं आणि शब्द आपणहून येतो. हे माझं चौदा वर्षांचं मास्तरकीचं सार आहे, फुकट देतोय.

पद्माकररावांना सांग की त्यांचं पत्र, म्हणजे त्यांचा नमस्कार, पोचला आणि त्यांनी सांगितलं तसं होईल. दुपारचा तास चुकवू नका. एक दिवसही चुकवू नका.

तुझी वहिनी म्हणते मी हल्ली ओरडत नाही, बरं नाही की काय. पायामुळे मन लागत नाही एवढंच. आम्हा दोघांचा जीव तुमच्यापाशी आहे असं समजावं.

लक्ष्मीकांत


॥ श्री ॥
बडोदे
ता. ११ मार्च १९१३

ती. दादास कृतानेक सा. न. वि. वि.

परीक्षा काल झाली. पन्नासातल्या सत्तेचाळीस जागा बरोबर आहेत. घरी येऊन यांच्यापुढं एकेक म्हणून दाखवल्या आणि यांनी बोटांवर मोजल्या. पण दादा, मी काय करून बसले आहे ते वाच आणि मग मला काय म्हणायचं ते म्हण.

काल पहाटे यांच्या तोंडून रक्त पडलं. आधीही थोडं पडायचं, हे लपवायचे. काल तांब्याभर पडलं. मी म्हटलं मी जात नाही. यांनी खुणेनं जमनाबेनना बोलावलं, उषेला त्यांच्या स्वाधीन केलं आणि माझ्याकडे बघेनात. मी जाते म्हटल्यावरच पाणी प्याले. मी तशीच, केसही न विंचरता गेले.

तिथं प्रत्येकीला छापील कोरा ताव दिला. वर पहिल्याच ओळीत क्रमांक, आपलं नाव, पतीचं नाव, आडनाव. मी एकतीस घातलं, अहल्या लिहिलं, आणि पुढच्या जागेवर टाक टेकवला तो तसाच राहिला. मी ते नाव जन्मात उच्चारलं नाही, लिहिलंही नाही. अर्ज यांनीच भरला होता ना. लग्नात उखाण्याच्या वेळीही मी रडायला लागले म्हणून सासरच्या बायकांनी सोडून दिलं होतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं हे आपण लहानपणापासून ऐकलं. तू हसशील. एरवी मीही हसले असते. पण पहाटेचं ते रक्त माझ्या लुगड्याच्या काठाला लागलेलं होतं दादा, वाळलेलं, मला दिसत होतं. एवढासा जीव उरलाय आणि तोही मी टाकानं तोडू?

मग तुझं आठवलं. अडलं तिथं रेंगाळायचं नाही, शेवटी परत ये. मी पुढं गेले. सगळे प्रश्न केले. दहा मिनिटं उरली तेव्हा परत वर आले आणि दहाही मिनिटं त्या जागेकडे बघत बसले. देखरेखीला एक गुजराती बाई होत्या. त्यांनी ताव गोळा करताना पाहिलं आणि समजावलं की नाव अपुरं असलं तर ताव तपासायला जात नाही, बेन, लिहून टाका. त्या माझ्यासाठी उभ्या राहिल्या. बाकीच्या सगळ्या बघत होत्या. मी ताव तसाच त्यांच्या हातात दिला.

यांना अजून सांगितलेलं नाही. हे सत्तेचाळीस सत्तेचाळीस करत पडून आहेत. सांग, मी काय करू?

अपराधी,
अहल्या


॥ श्री ॥
अमरेली
ता. १५ मार्च १९१३

चि. सौ. अहल्येस आशीर्वाद.

मूर्ख! तुझ्या डोक्यावर हात ठेवून रडावं की थोबाडीत द्यावी हे मला कळत नाही. आणि थोबाडीत द्यायची तर आधी माझ्या. शेवटी परत ये म्हणे! सोडून पुढं जा म्हणून मीच तुला शिकवलं.

आता ऐक. मी फेब्रुवारीपासून तुझ्याशी खोटं बोलतो आहे. पद्माकररावांनी मला लिहिलं होतं. डॉक्टरनं त्यांना होळीची मुदत दिली आहे. हे तुझ्या नाव घेण्यानं झालं नाही आणि न घेण्यानं थांबणार नाही. त्यांनी तुझ्यापासून लपवलं ते तू परीक्षा द्यावीस म्हणून. ते गेले तर काका न्यायला येतील, आणि वाईला धाकट्या काकूचं काय झालं ते त्यांनाच विचार, मला लिहवत नाही. तुझ्यासाठी दुसरी वाट त्या माणसानं झिजून झिजून काढली आहे आणि तू तिच्या तोंडाशी येऊन थांबलीस.

पत्र मिळताच त्यांना सगळं सांग. रागावणार नाहीत. त्यांच्या सहीचा अर्ज घे आणि परीक्षेच्या कचेरीत जा. तुझा क्रमांक तावावर आहे, ताव सापडेल. कचेरीत काकुळतीला ये, रड, पाय धर, पण ती जागा भरून घे.

मला चालता आलं असतं तर. एवढंच लिहितो. रागाच्या शब्दांखालची माया तुला दिसेल अशी आशा आहे.

लक्ष्मीकांत


॥ श्री ॥
अमरेली
ता. २३ मार्च १९१३

चि. अहल्येस,

तार परवा मिळाली. एकोणीस तारीख, पहाटे. माझं पत्र तुला अठराला पोचलं असणार असा हिशेब करत बसलो आहे. म्हणजे त्यांच्या शेवटच्या दिवशी मी तुला मूर्ख म्हणत होतो.

मायन्यात तुझ्या नावाआधी काय लिहायचं यावर तासभर अडलो. जे लिहायची रीत आहे ते माझ्याच्यानं लिहवत नाही. तुझ्या वहिनीनं सांगितलं, नुसतं नाव लिहा.

काल गाडी सांगून निघायचा प्रयत्न केला. वेशीपर्यंत गेलो आणि वेदनेनं शुद्ध हरपली, लोकांनी उचलून परत आणलं. मी येऊ शकत नाही अहल्ये. तुझा एकुलता एक भाऊ आणि तो येऊ शकत नाही. काका आले का? कचेरीचं काय झालं? तुझ्याच्यानं लिहवत नसेल तर जमनाबेनकडून गुजरातीत चार ओळी पाठव, मला वाचता येतं. इथलं दार तुला आणि उषेला सदा उघडं आहे.

तुझा,
दादा


॥ श्री ॥
बडोदे
ता. ३ एप्रिल १९१३

ती. दादास कृतानेक सा. न. वि. वि.

काल यादी लागली. मी पास झाले. सातवा क्रमांक आहे. जूनपासून मी आणि उषा ट्रेनिंगच्या खोलीत राहायला जाऊ. ही बातमी आधी लिहिली, म्हणजे बाकीचं वाचताना तुझा जीव टांगलेला राहणार नाही.

काका बावीस तारखेला आले. अंथरुणाची रिकामी जागा बघितली आणि लहान मुलासारखे रडले. त्यांना मी परकं कसं म्हणू? रात्रंदिवस उषेला मांडीवर घेऊन बसायचे. आणि त्याच मांडीवर तिला थोपटत दहाव्या दिवशी न्हाव्याला किती वाजता बोलवायचं ते ब्राह्मणाला विचारत होते.

एकवीस तारखेलाच परीक्षेच्या कचेरीतून चिठ्ठी आली होती. क्रमांक एकतीसच्या तावावर पतीचं नाव नाही, पंचवीसच्या आत समक्ष येऊन भरावं, नाहीतर ताव रद्द. सुतकात, सहाव्या दिवशी, नुकत्याच झालेल्या विधवेनं घराबाहेर पडायचं! काकांना विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. ते दुपारी जरा पडले तेव्हा जमनाबेननी मागचं दार उघडलं आणि माझ्याबरोबर आल्या. रस्त्यात ओळखीची माणसं तोंड फिरवत होती.

कचेरीतल्या अधिकाऱ्यांनी माझ्याकडून दोन ओळी लिहवून घेतल्या आणि अक्षर तावाशी ताडून पाहिलं. ताव माझाच हे पटलं. पण नाव मी समक्ष सांगायचं आणि त्यांच्या कारकुनानं भरायचं, असा नियम. कारकून म्हातारे होते, त्यांना कमी ऐकू येत होतं. मी नाव घेतलं. त्यांनी कानाला हात लावला. मी परत घेतलं, मोठ्यानं. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा बाहेर ओट्यावर बसलेली माणसंही वळून बघायला लागली. मग त्यांनी लिहून घेतलं.

दहाव्या दिवशी न्हावी आला तेव्हा मी आतून कडी लावली. यादी लागायची होती, काही नक्की नव्हतं, पण एवढं नक्की होतं की मी ते करून घेणार नाही. जमनाबेन दाराला पाठ लावून बसल्या. काका बाहेरून आधी समजावत होते, मग ओरडत होते, मग यांच्या आत्म्याला गती मिळणार नाही म्हणून रडत होते. ते रडणं ऐकताना मी दोनदा कडीला हात लावला. शेवटी न्हावी गेला. काका तेरावा करून वाईला गेले. मी त्यांच्या लेखी मेले, असं सांगून गेले. उषा त्यांच्या मागं वेशीपर्यंत जायचा हट्ट करत होती.

आता जे कोणालाच सांगितलं नाही ते तुला लिहिते. अठराला संध्याकाळी तुझं पत्र आलं. मी ते वाचलं आणि यांना सगळं सांगितलं. हे रागावले नाहीत. अर्ज लिहायला घेतला, पण टाक बोटांत राहीना. म्हणाले, तू लिही, मी सांगतो आणि खाली कशीबशी सही करतो. मी लिहीत गेले. यांच्या नावापाशी आले आणि थांबले. तुझं पत्र शेजारी उघडं होतं, होळीची मुदत त्यात लिहिलेली होती, सगळं कळत होतं, तरी थांबले. यांनी बराच वेळ वाट पाहिली. मग म्हणाले, लिहू नकोस, जमनाबेनचे यजमान उद्या लिहून देतील. पण एकदा नुसतं म्हण. आठ वर्षं झाली, तुझ्या तोंडून माझं नाव कसं लागतं ते मला माहीत नाही, एकदा ऐकू दे. मी मान हलवली. म्हटलं, बरे झालात की म्हणेन. हे हसले आणि कुशीवर वळले. पहाटे गेले.

दादा, त्या म्हाताऱ्या कारकुनाला मी ते नाव तीनदा ऐकवलं. ज्यांचं होतं त्यांना एकदाही नाही. ते मागत होते रे. दुसरं काही त्यांनी कधी मागितलं नव्हतं.

पाय सांभाळ. वहिनीस नमस्कार. उत्तर लवकर लिही, मोठं लिही, काहीही लिही. घरात फार शांत झालं आहे आणि तुझ्या अक्षराशिवाय आता दुसरं कोणाचं अक्षर या घरी येत नाही.

तुझी,
अहल्या